तिसऱ्या गिअरचं दुखणं

सिस्टरची गाडी पुढची चाकं हवेत उचलून टोइंगवाल्याने आणली, तेव्हा वर्कशॉपच्या दारात चार माणसं उभी होती. वस्तादांना नेमकं तेच लागलं.

गाडी बंद पडली यात नवल काहीच नव्हतं. बावीस वर्षांची गाडी, कधी ना कधी रुसणारच. पण ही गाडी चौदा महिन्यांपूर्वी याच दारातून बाहेर पडली होती. तिचा गिअरबॉक्स वस्तादांनी स्वतःच्या हाताने उघडला होता, स्वतःच्या हाताने भरला होता आणि चावी देताना छातीठोकपणे म्हणाले होते, "आता ही म्हातारपणाने जाईल, पण गिअरबॉक्सने जायची नाही." चाळीस वर्षांत वस्तादांचं काम परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. शहरातले बाकीचे मेकॅनिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हटला की हात वर करायचे आणि गिऱ्हाइकाला हाच पत्ता द्यायचे. त्या पत्त्याचा वस्तादांना अभिमान होता, आणि तो लपवायच्या भानगडीत ते कधी पडले नव्हते.

सिस्टर टोइंगच्या गाडीतून उतरल्या. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची शुश्रूषा करणं हे त्यांचं काम. बारीक चणीच्या, भराभर चालणाऱ्या, पन्नाशीच्या बाई. त्या चिडलेल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या अगदी हळू म्हणाल्या, "वस्ताद, मला भांडायचं नाहीये. फक्त खरं सांगा, हिला सोडून देऊ का? भाऊ म्हणतो, मोडीत काढ. आधी बाहेरगावी दोन ठिकाणी काम झालं, मग तुमच्याकडे. आता परत तेच."

"मोडीत काढायची भाषा या दारात नको," वस्ताद म्हणाले. "सूनबाई, गाडी आत घे."

सूनबाई म्हणजे त्यांच्या मुलाची बायको. लग्न होऊन आली त्याला एकोणीस वर्षं झाली होती. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. जगातल्या सगळ्या नद्या त्याला तोंडपाठ होत्या, पण स्वतःच्या सायकलची चेन उतरली की तो ती ढकलत घरी आणायचा. बापाचा धंदा पुढे चालणार नाही असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मग एकदा कामाला माणूस नव्हता म्हणून सूनबाई सुटे भाग धुवायला बसली. दीडशे-दोनशे भाग तिने धुऊन फडक्यावर मांडले, आणि वस्ताद भरायला बसले तेव्हा त्यांनी हात पुढे करायच्या आत हवा तो भाग ती हातात देत गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या मापाचा कामाचा डगला शिवून आला. तेव्हापासून घरात आणि वर्कशॉपमध्ये तिला एकच नाव उरलं. गिऱ्हाइकंसुद्धा फोनवर विचारायची, "सूनबाई आहेत का?"

आता ती गिअरबॉक्स उतरवायची, उघडायची, तपासायची. फक्त शेवटचं भरणं आणि बंद करणं वस्तादांचं. त्यात कुणी हात घालायचा नाही.

सिस्टरच्या गाडीचा गिअरबॉक्स टेबलावर आला आणि झाकण निघताच करपल्याचा वास सगळीकडे पसरला. तेल काळंठिक्कर. सूनबाईने एकेक भाग बाहेर काढला. या मॉडेलचं दुखणं सगळ्या मेकॅनिकांना ठाऊक होतं. इंजिन दांडगं, ओढ पुढच्या चाकांवर, त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्स दोघंही बॉनेटखाली आडवे कोंबलेले. त्यात गिअरबॉक्स इंजिनाच्या मानाने लहानखुरा. नव्यात गाडी झकास पळायची. दहा-बारा वर्षं उलटली की दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना इंजिन नुसतंच ओरडायचं, गाडी ओढ घ्यायची नाही. मग एक दिवस तिसरा गिअर गायबच व्हायचा.

"तिसऱ्याच्या प्लेटा," सूनबाई म्हणाली. गिअर पकडून धरणाऱ्या गोल, बांगडीसारख्या प्लेटा तिने फडक्यावर ओळीने ठेवल्या. कोळसा झाला होता त्यांचा. "आणि या बघा, बाकीच्या गिअरच्या. जशा तुम्ही घातल्या तशाच आहेत."

"प्लेटांचा माल खराब आला असेल."

"तीनदा? तीन वेगळ्या ठिकाणी?" सूनबाईने शब्द जपून वापरले. "मामंजी, माल खराब असता तर एकदा तरी दुसऱ्या गिअरच्या जळल्या असत्या. प्लेटा बिचाऱ्या मार खातायत. मारणारा दुसराच कुणीतरी आहे."

"सील नवे घातले होते मी. पिस्टन नवा. तेलाचं प्रेशर स्वतः गेज लावून बघितलं होतं, पासष्ट पाउंड. पुस्तकात तेवढंच लिहिलंय."

"कुठे बघितलं होतं?"

"कुठे म्हणजे? इथे, अंगणात."

"गाडी गार होती?"

वस्तादांनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. त्यांचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर सूनबाईला कमी भीती वाटली असती. "दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं होतं. आता हे मला तुझ्याकडून शिकायचंय का?"

ती तासभर भाग धूत बसली. मग हात पुसत त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बॉक्स तुम्हीच भरा, तुमच्या पद्धतीने. मी मध्ये येत नाही. पण गाडी बाहेर पडली की मला एक दिवस सिस्टरबरोबर फिरू द्या. गेज लावून. त्या फिरतात तसंच, त्यांच्याच रस्त्यांनी."

वस्तादांनी फडकं पुन्हा हातात घेतलं. "फीर. आणि माझी चूक सापडली तर डब्यात घालून आण."

पाच दिवसांनी सकाळी आठ वाजता सूनबाई सिस्टरच्या शेजारी बसली. गिअरबॉक्सच्या तपासणीच्या भोकाला तिने लांब नळी लावली होती, ती बॉनेटच्या फटीतून वर काढून दोन गेज पुढच्या काचेला बाहेरून चिकटपट्टीने बांधले होते. मांडीवर वही.

"माझ्या पेशंटांना लावते तसं बीपीच लावलंय की तिला," सिस्टर हसून म्हणाल्या.

पहिलं घर जवळच होतं. तिसरा गिअर पडला, काटा पासष्टावर. सूनबाईने लिहून घेतलं. दुसरं घर, चौसष्ट. सिस्टर पेटी उचलून जिना चढायच्या आणि अर्ध्या तासाने खाली यायच्या. एका घरी एका म्हाताऱ्या शिंप्याच्या पायाचं ड्रेसिंग होतं, दुसऱ्या घरी पाठीला जखमा झालेली एक आजीबाई, जिला कूस बदलून द्यायला घरात कुणी नव्हतं. एकदा सूनबाईही मदतीला वर गेली. सिस्टरचे हात तिने पाहिले. घाई नव्हती, एक हालचाल वाया जात नव्हती. आपण टेबलावर काम करतो तेव्हा आपले हात असेच दिसत असतील का, असं तिच्या मनात आलं आणि तिला उगाचच बरं वाटलं.

दुपार झाली. रस्त्यात गाड्यांची रीघ. दहा पावलं पुढे, मग थांबायचं, परत दहा पावलं. इंजिन तापलं, गिअरबॉक्स तापला. काटा अठ्ठावन्न, मग बावन्न. सूनबाईने वहीतून मान वर काढून काचेवर नजर रोखली. सहाव्या घरानंतर वरच्या वस्तीचा चढ लागला. दुसरा गिअर, आणि आता तिसरा... इंजिन एकदम ओरडलं, गाडी ढिली पडल्यासारखी झाली आणि काटा खाली घसरला. चौतीस.

"हेच!" सिस्टर ओरडल्या. "हेच ते! तुमच्याकडे आले की कधी करत नाही मेली."

"थांबवा. बाजूला घ्या."

बॉनेट उघडून दोघी एका भिंतीच्या सावलीत बसून राहिल्या. तासाभराने गाडी गार झाली. पुन्हा तोच चढ. बासष्ट. पुन्हा गर्दीतून फिरवून तापवली. छत्तीस. सूनबाईने हे तीनदा केलं. तिसऱ्या वेळी तिला आकडा वहीत लिहायच्या आधीच ठाऊक होता.

"घरात ताप चढलेला असतो," सिस्टर म्हणाल्या, "आणि दवाखान्यात जाईपर्यंत उतरतो. मग डॉक्टर विचारतात, ताप कुठे आहे? त्यातली गत झाली ही."

संध्याकाळी ती वर्कशॉपमध्ये परतली तेव्हा वस्ताद आपले पाने मापाने लावत बसले होते. ते पाने सकाळीच लावून झाले होते, हे तिला माहीत होतं. तिने वही पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून एकदा वाचली, मग बोट ठेवून पुन्हा वाचली.

"गेज बिघडलेला असेल."

"दोन लावले होते."

वस्तादांनी वही मिटली. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तापलं की तेल पातळ होतं."

"आणि पातळ तेल कुठूनतरी निसटतं. सील नवे. पिस्टन नवा. मग राहिलं काय?"

दोघांनाही ठाऊक होतं काय राहिलं ते. व्हॉल्व्ह बॉडी. गिअरबॉक्सच्या पोटातला तो ॲल्युमिनियमचा चपटा ठोकळा, आतून मुंग्यांच्या वारुळासारखा पोखरलेला. त्या वाटांमधून पेन्सिलीएवढ्या जाडीचे पोलादी व्हॉल्व्ह मागेपुढे सरकतात आणि कुठल्या गिअरला किती तेल द्यायचं ते ठरवतात.

"त्याला काही होत नसतं," वस्ताद म्हणाले. "धुवायचा, वाळवायचा, बसवायचा. मला माझ्या गुरूने हेच सांगितलं, मी चाळीस वर्षं हेच केलं."

"उघडून बघू?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

गिअरबॉक्स दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरला. व्हॉल्व्ह बॉडी नुसत्या डोळ्यांना अगदी ठणठणीत दिसत होती. पण सूनबाईच्या डोक्यात एक गोष्ट घर करून बसली होती. मागे घरचा फ्रिज बिघडला तेव्हा आलेल्या माणसाने आतली सगळी हवा ओढून घेऊन गळती शोधली होती. तिने भंगारातून जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणला, त्याच्या ओढणाऱ्या तोंडाला नळी आणि गेज जोडला, आणि रबराचा तुकडा कापून नळीचं तोंड एकेका वाटेवर दाबून धरायची सोय केली. वाट घट्ट असेल तर काटा चढणार. कुठे झीज असेल तर हवा आत शिरणार आणि काटा बसून राहणार.

वस्ताद स्टुलावर बसून बघत होते. पहिली वाट, काटा सरसर चढला. दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या घट्ट. सातव्या वाटेवर काट्याने जागा सोडली नाही. सूनबाईने रबर बदललं, पुन्हा दाबलं. काही नाही. ती वाट तिसऱ्या गिअरला तेल देणाऱ्या व्हॉल्व्हची होती.

तिने तो व्हॉल्व्ह त्याच्या जागी सरकवला आणि ठोकळा वस्तादांच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटून बोटाने व्हॉल्व्ह बाजूला ढकलला, मग दुसऱ्या बाजूला.

"हलतंय," ते म्हणाले.

केसाएवढंच हलत होतं. पोलादाने वीस-बावीस वर्षं मागेपुढे करत ॲल्युमिनियम खाल्लं होतं. गार, दाट तेल त्या फटीतून जात नव्हतं. तापलेलं तेल मात्र तिथून निसटायचं, तिसऱ्या गिअरची पकड ढिली पडायची आणि घसरून घसरून प्लेटा जळायच्या. नव्या घातल्या तरी त्याही जळायच्या. शंभर वेळा घातल्या तरी शंभर वेळा.

"सदतीस," वस्ताद एकदम म्हणाले.

"काय सदतीस?"

"या मॉडेलचे सदतीस बॉक्स बंद केलेत मी. सगळे असेच. परत आले नाहीत म्हणजे टिकले, असं धरून चाललो." त्यांनी ठोकळा टेबलावर ठेवला. "परत आले नाहीत कारण लोकांनी गाड्याच मोडीत काढल्या असतील. वस्तादांनीच केलं होतं, तेही टिकलं नाही, मग आता कुणाकडे जायचं, असं म्हणून."

ते उठले आणि डगला खुंटीला लावून घरी निघून गेले. जेवायच्या वेळी ताटावर आले, दोन घास खाल्ले, उठले.

"अहो, मी बोलायला नको होतं का?" तिने नवऱ्याला विचारलं.

तो उत्तरपत्रिका तपासत होता. पेन खाली ठेवून म्हणाला, "बाबांना आजवर कुणी चूक दाखवलेली नाही. का, तर ती दाखवण्याएवढं त्यातलं कुणाला कळतच नव्हतं. मला तर नाहीच नाही." मग जरा थांबून त्याने पुढे म्हटलं, "ते चिडलेत असं तुला वाटतंय. मला नाही वाटत."

सकाळी ती वर्कशॉपमध्ये पोचली तर दार उघडं आणि टेबलावरची व्हॉल्व्ह बॉडी गायब. ठोकळा कुठे गेला असेल ते ओळखून ती धावत मागच्या गल्लीत लोखंड कातणाऱ्या लेथवाल्याकडे गेली. या लेथवाल्याला सगळे मायक्रॉन म्हणायचे. चहात साखर किती, तर हा सांगायचा मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. वस्ताद त्याच्यासमोर बसले होते, ठोकळा मांडीवर होता.

"ही आली बघ," वस्ताद म्हणाले. "आता हिला काय हवंय ते हीच सांगेल. मला विचारू नकोस. हे प्रकरण हिने शोधलंय."

मायक्रॉनच्या हातातला पाना तसाच राहिला. वीस वर्षांत वस्तादांच्या तोंडून असं वाक्य त्याने ऐकलं नव्हतं.

सूनबाईने सांगितलं. झिजलेली वाट थोडी मोठी करून गोल आणि गुळगुळीत करायची, आणि तिच्यात बसेल असा किंचित जाड व्हॉल्व्ह पोलादातून कातायचा. ऐकायला सोपं. मायक्रॉनने व्हॉल्व्ह उत्तम कातून दिला. वाट मोठी करायचं काम सूनबाईने भोक तासून मोठं करणारा रीमर हातात घेऊन केलं, श्वास रोखून, अर्धा अर्धा फेरा फिरवत. आणि अर्ध्यावर रीमर तिरका गेला. ठोकळा वाया गेला. सिस्टरच्या गाडीची व्हॉल्व्ह बॉडी, तिच्या हातून.

ती खाली बसली. डोळे भरून आले होते, तेलकट हातांनी पुसताही येईनात.

वस्ताद शेजारच्या स्टुलावर बसले. "माझा पहिला गिअरबॉक्स माहितीये? भरला, बंद केला, गाडीला लावला. पुढे जायचं असलं की रिव्हर्स टाकावा लागायचा. मालक म्हणाला, हरकत नाही, मी उलटा बसून चालवतो." सूनबाईला रडता रडता हसू फुटलं. वस्ताद उठून बाहेर पडले ते थेट भंगारवाल्यांच्या गल्लीत.

दुपारी ते परतले तेव्हा त्यांच्याजवळ त्याच मॉडेलच्या तीन व्हॉल्व्ह बॉडी होत्या. सूनबाईने एकेक तपासली. तिन्ही सातव्या वाटेवर गळत होत्या. तिसरी हातात घेतल्यावर वस्तादांनी ती उलटीसुलटी केली. एका स्क्रूच्या कडेला कानशीने घासलेलं होतं, खास एका तऱ्हेने.

"ही माझी आहे," ते म्हणाले. "माझ्याच हातची." आणि ती त्यांनी सूनबाईपुढे सरकवली. "हिच्यावर कर."

या खेपेला मायक्रॉनने आधी एक पोलादी साचा बनवला, त्यातून रीमर सरळच जाईल, वाकडा जाऊच शकणार नाही असा. त्यात त्याचे दोन दिवस गेले. मग सूनबाईने पुन्हा अर्धा अर्धा फेरा फिरवला. वाट धुतली, नवा व्हॉल्व्ह तेल लावून आत सोडला. तो स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरला आणि टोकाशी जाऊन टेकला. कॉम्प्रेसर सुरू केला, रबर दाबलं. काटा चढला आणि वरच थांबला. मायक्रॉन पलीकडे उभा होता. तो शीळ घालत आपल्या लेथकडे निघून गेला.

गिअरबॉक्स भरायची वेळ आली. सूनबाईने नेहमीप्रमाणे सगळे भाग क्रमाने मांडले आणि बाजूला सरकली.

वस्ताद टेबलाशी आले नाहीत. "आज तू भर. बंदही तूच कर."

"मामंजी..."

"बोटं थरथरतात माझी. दोन वर्षं झाली. तुला ते दिसत नव्हतं असं नाही, तू बोलत नव्हतीस. आता मीच बोलतो." आणि ते सुटे भाग हातात द्यायला तिच्या डाव्या बाजूला उभे राहिले. तिने हात पुढे करायच्या आत हवा तो भाग येत होता.

चाचणीच्या दिवशी सिस्टरनी गाडी चालवायची, शेजारी सूनबाई, मागच्या सीटवर वस्ताद, असं ठरलं. ऊन रणरणतं होतं. आधी दोन तास गर्दीतून फिरवून गाडी चांगली तापवली. मग वरच्या वस्तीचा चढ. सूनबाईचे डोळे काट्यावर. वस्तादांनी काट्याकडे बघितलंच नाही, डोळे मिटून, मान किंचित कलती करून ते नुसते ऐकत होते.

दुसरा गिअर. इंजिनाचा आवाज चढत गेला. आणि मग तो आवाज सहज, एका पायरीवरून दुसरीवर पाय ठेवावा तसा खाली उतरला. गाडीने ओढ घेतली.

"पडला तिसरा," वस्ताद मागून म्हणाले.

"चौसष्ट," सूनबाई म्हणाली.

सिस्टर थांबल्याच नाहीत. वस्ती ओलांडून अगदी माथ्यापर्यंत गाडी नेली, वळवली, खाली आणली आणि पुन्हा चढवली. चार वेळा. चारही वेळा काटा साठाच्या खाली आला नाही. शेवटी त्या स्टिअरिंगवर हात ठेवून हसत बसल्या. "उद्या शिंपीबुवांना सांगते, आता उशिरा आले तर दोष माझा, गाडीचा नाही."

खाली वर्कशॉपपाशी उतरताना वस्तादांनी सूनबाईच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढंच. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. तो हात तिने दिवसभर खांद्यावर बाळगला.

वस्तादांनी त्यापुढे जे केलं ते मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सिस्टर सोडून बाकीची छत्तीस गिऱ्हाइकं त्यांना नावानिशी आठवत होती. मुलाला शेजारी बसवून त्यांनी नंबर शोधून काढले आणि एकेकाला फोन केला. "तुमच्या गाडीचं मी केलेलं काम अर्धं होतं. गाडी अजून असेल तर घेऊन या. माझ्या सुनेने उरलेलं अर्धं शोधलंय, ती पुरं करून देईल."

मायक्रॉन कळवळून म्हणाला, "वस्ताद, स्वतःच्या तोंडाने कशाला सांगताय? चाळीस वर्षांचं नाव आहे तुमचं."

"म्हणूनच सांगतोय," वस्ताद म्हणाले आणि पुढचा नंबर लावला.

पंचवीस जणांनी गाड्या केव्हाच मोडीत काढल्या होत्या. त्यातल्या दोघांनी चार शब्द सुनावले, ते वस्तादांनी ऐकून घेतले. अकरा गाड्या आल्या. अकराही सूनबाईने उघडल्या, अकराही तिनेच बंद केल्या. मग बाहेरगावचे मेकॅनिक नुसत्या व्हॉल्व्ह बॉडी खोक्यात घालून पाठवायला लागले, आणि मायक्रॉनला साच्याची दुसरी जोडी बनवावी लागली.

दोन वर्षांनी गॅरेजवाल्यांच्या संघटनेने सभा भरवली आणि वस्तादांना बोलायला बोलावलं. ते गेले, पण पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि सूनबाईला व्यासपीठावर पाठवलं. समोर दीडशे पुरुष, हाताची घडी घालून बसलेले. नवरा सगळ्यात मागे उभा होता. आपल्याला यातलं ओ की ठो कळणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं, तरी शाळेतून रजा काढून आला होता. सूनबाईने कॉम्प्रेसर टेबलावर ठेवला, एक झिजलेली व्हॉल्व्ह बॉडी आणि एक दुरुस्त केलेली घेतली, आणि बोलायला लागली. सिस्टरची गाडी त्या चढावर अजून रोज जाते, हेही तिने सांगितलं.

बोलणं संपलं. प्रश्न विचारायला कुणी उठेना. आणि पहिल्या रांगेतून वस्ताद उठून उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, अनोळखी माणसाशी बोलावं तसं, "तुम्ही म्हणता वाट मोठी करून जाड व्हॉल्व्ह घालायचा. पण ॲल्युमिनियम तेच आहे, पोलाद तेच आहे. तुमची वाट पुन्हा झिजणार नाही कशावरून?"

हाच प्रश्न सगळ्यात अवघड होता. वर्कशॉपमध्ये त्यांनी तो तिला कधीच विचारला नव्हता. सूनबाईने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं.

"झिजेल," ती म्हणाली. "झिजणार नाही असं मी म्हणत नाही. पण मूळची वाट जिथे झिजली तिथे व्हॉल्व्ह आखूड आहे, त्यामुळे तो एका कडेवर कलून घासतो. आम्ही नवा व्हॉल्व्ह करताना तो भाग चार मिलिमीटरने लांब ठेवलाय. त्याला कलायला जागाच नाही. अठरा महिने चाललेली एक बॉडी मी मुद्दाम उघडून मोजली. झीज मोजता येत नव्हती. पाच वर्षांनी काय होईल ते पाच वर्षांनी मोजून सांगेन."

वस्ताद उभेच होते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, मान वर केली आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "पटलं."

ते खाली बसले, आणि दीडशे माणसांत एकदम वीस-पंचवीस हात वर झाले. कुणी साच्याचं माप विचारत होतं, कुणी व्हॉल्व्हचं पोलाद कुठलं ते. मागून एकजण ओरडून दुसऱ्याच एका जुन्या गाडीबद्दल विचारत होता, जिचा चौथा गिअर तापल्यावर सुटतो.

"ती मी अजून उघडलेली नाही," सूनबाई म्हणाली. "आणा एक."